पताकेचा बांबू

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. माझं वय एकोणीस. त्या वर्षी वैशाखात माझे अप्पा गेले आणि मी विठोबाशी बोलणं टाकलं. मी चौथी शिकलेला माणूस. हात कात्रीचा, लेखणीची सवय नाही. पण देवळातली मंडळी बरेच दिवस मागे लागली आहेत की तुला आलेला अनुभव लिहून ठेव, म्हणून लिहायला बसलो आहे. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही आणि झाला नाही असंही म्हणणार नाही. जे झालं ते सांगतो. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आम्ही बेंगळुरूच्या पेठेतले शिंपी. तीनशे वर्षांमागं कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला आमची माणसं इकडं उतरली आणि इथंच राहिली. घरात मराठी, दारात कन्नड, असं आमचं चालतं. पेठेत आमच्या समाजाचं विठोबाचं एक लहान देऊळ आहे. एकादशीला देवळातून मिरवणूक निघते, तिच्यात सगळ्यांच्या पुढं भगवी पताका असते. ही पताका उंच, दुमजली घराच्या सज्ज्यापर्यंत जाईल एवढ्या बांबूवर चढवलेली. ती धरण्याचा मान माझ्या अप्पांचा होता. या बांबूचे काही नेम आहेत. मानकऱ्यानं हातात दिल्याशिवाय दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. तो जमिनीवर आडवा पडू द्यायचा नाही, ठेवायचा तरी भिंतीला टेकून उभाच ठेवायचा. आणि मानकरी वारला की त्याचा बांबू त्याच्या तिरडीला लावायचा. आयुष्यभर ज्यानं तो वाहिला त्याला शेवटी तो वाहून नेतो. नवा मानकरी नवा बांबू आणतो.

अप्पांमुळंच मी बांबूउडीकडं वळलो. लहानपणी मिरवणूक संपली की मी धोब्याची काठी पळवून पेठेतली गटारं ओलांडायचो. दुसऱ्याच्या बापानं कानफटात मारली असती. माझ्या बापानं मला वेगळा बांबू आणून दिला. बांबूतलं त्यांना फार कळायचं. पताकेचा आणि माझा, दोन्ही बांबू त्यांनी एकाच दिवशी एकाच बेटातले निवडून आणले. वर्षभर सावलीत वाळवले, तेल पाजलं, हात धरायच्या जागी जाड कापड गुंडाळून वर बारीक टीप घातली. दोघांनाही एकसारख्या गवसण्या शिवल्या आणि घराच्या मागच्या बोळात शेजारी शेजारी उभे करून ठेवले. त्या बांबूवर मी अकरा फूट ओलांडले. म्हैसूर राज्याच्या संघात बांबूउडीला एकच जण घेतात, आणि त्या वर्षी तो मी असणार असं मैदानावरचे मास्तर बोलायला लागले होते.

मी नसतो तर तो मुरली असता. मुरली आमच्याच देवळातला, माझ्याच वयाचा. त्याच्या वडलांचं, केशवअण्णांचं, चिकपेठेत कापडाचं दुकान होतं. मुरलीकडं अल्युमिनियमचा पोल होता, मुंबईहून आणवलेला. केशवअण्णा रोज सकाळी मैदानावर यायचे, दगडावर बसायचे, मांडीवर टॉवेल आणि शेजारी बदामाच्या दुधाची बाटली. मुरलीनं उडी मारली की ते उठायचे, त्याची पाठ पुसायचे, दूध द्यायचे. अप्पा होते तोवर हे मला कधी दिसलंच नव्हतं. मैदान तेच, दगड तोच, पण अप्पा गेल्यावर मला त्या टॉवेलाशिवाय दुसरं काही दिसेना.

अप्पा गेले ते असे. दुपारी मशीनवर बसले होते, छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत संपलं. दिवस मावळायच्या आत न्यायचं ठरलं. घरात गर्दी, रडारड. तिरडीचं काम केशवअण्णांकडं होतं, कारण अप्पांच्या मागं पताकेचा मान त्यांच्या घराकडं जाणार होता. मागच्या बोळातून बांबू आणला गेला, मधोमध कापला गेला, बांधला गेला. मी अप्पांच्या उशाशी बसलो होतो. मग डोकं भादरलं, हातात मडकं दिलं आणि मी सगळ्यांच्या पुढं चालायला लागलो. पुढं चालणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं. म्हणून माझ्या बापाला कशावरून नेलं ते मी पाहिलंच नाही.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी मी मैदानावर जायचं म्हणून बोळात गेलो, उरलेल्या बांबूची गवसणी काढली. वरच्या टोकाला पितळी कळस बसवायची खाच. खाली हळदकुंकवाचे डाग. तो पताकेचा बांबू होता. माझा बांबू अप्पांबरोबर जळून गेला होता.

मी तिथंच बोळात बसलो. पहिला विचार काय आला ते मला आजही आठवतं. अप्पांचा आला नाही. केशवअण्णांचा आला. मला वाटलं, या माणसानं हे जाणूनबुजून केलं. पोराच्या वाटेतला एकच काटा होता, तो माझ्या बापाच्या तिरडीला बांधून जाळला. आईला दाखवलं तेव्हा तिला वेगळीच धास्ती पडली.

"म्हणजे यांचा बांबू यांच्याबरोबर गेलाच नाही?" ती म्हणाली. "केशवअण्णांना जाऊन विचार."

"काय विचारू? माझा का जाळलात?"

"तसं नाही रे. यांचा इथं राहिलाय, आता काय करायचं, असं विचार."

"मी त्या दारात पाय ठेवणार नाही."

"मग उडी कशानं मारणार? माझ्या लाटण्यानं?"

आई अशीच बोलायची. पण मी हट्टाचा, अजूनही आहे. मी बांबूबाजारात गेलो. तिथले बांबू हिरवे, तोलून बघितले तर एका अंगाला जड. एक आणला, तिसऱ्या उडीला उभा चिरला. दुसरा आणला, तो वाकायचा आणि वाकलेलाच राहायचा. वर्षभर वाळवलेला बांबू बाजारात कोण ठेवतो? निवड दसऱ्याच्या आधी होती. मास्तर म्हणाले, "मुरलीचा पोल माग. मालकानं हो म्हटलं तर दुसऱ्याचा वापरता येतो, नियमात बसतं." मी नाही म्हणून मान हलवली आणि घरी निघून आलो. मुरलीकडं मागण्यापेक्षा मी उडी सोडली असती. खरं तर सोडल्यातच जमा होती.

आषाढीला मिरवणूक निघाली. आमच्याकडं सुतकाचं वर्ष, मी देवळाच्या पायरीखालीच उभा होतो. केशवअण्णा पताका घेऊन बाहेर आले आणि लोक कुजबुजायला लागले. त्यांच्या हातात बांबू नव्हताच. पताकेची घडी छातीशी धरून, लहान मूल घ्यावं तसे, ते सगळ्यांच्या पुढं चालत होते. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, शोभत नाही. कोणी म्हणालं, एवढं मोठं दुकान, एक बांबू घेता येईना? मला आतून गार वाटलं. म्हटलं, बघ विठोबा, मान कोणाला दिलास तो. त्याला पताका धरतासुद्धा येत नाही. वैशाखापासून एवढंच मी देवाशी बोललो होतो.

श्रावणातली एक संध्याकाळ. देवळात आरती चालली होती. मी आत जात नसे, पण घरी बसवत नसे म्हणून समोरच्या बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसलो होतो. मुरली वडलांबरोबर देवळात गेला होता, आणि आरती संपल्यावर दोघं बाहेर आले. केशवअण्णांनी आपला प्रसाद त्याच्या हातावर ठेवला, त्यानं तो तोंडात टाकला, दोघं काहीतरी बोलत हसत घराकडं गेले. बस, एवढंच. पण ते बघून मला मुरलीचा जेवढा हेवा वाटला तेवढा पुढं आयुष्यात कधी कोणाचा वाटला नाही. त्याच्या पोलचा नव्हे. त्या वेळी त्यानं पोल मला दिला असता तरी मी फेकून दिला असता. मला त्याचा बाप हवा होता. आणि मला मिळत नसेल तर त्यालाही नको, इथपर्यंत मन गेलं. माणसाचं मन कुठवर जातं ते लिहायला संकोच वाटतो, पण ते गाळलं तर पुढच्याला अर्थ राहत नाही.

तेवढ्यात कोणीतरी कट्ट्याला काठी आपटली. एक दासय्या उभा होता. दासय्या म्हणजे शंख वाजवत, कन्नड पदं म्हणत दारोदार फिरणारा भक्त. हा म्हातारा आणि आंधळा होता. पेठेत येणारे दासय्या मी ओळखायचो, हा त्यातला नव्हता.

"पताकेचं घर कुठं, मगा?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं. मगा म्हणजे मुला. चार महिन्यांत मला कोणी मुला म्हटलं नव्हतं.

"आधी आमचं होतं," मी म्हणालो. "आता दुसऱ्यांचं आहे."

"आता ज्यांचं आहे तिथं ने. स्वल्प हात दे."

मी म्हणणार होतो, त्या दारात मी जात नाही, दुसऱ्या कोणाला विचार. पण आंधळ्या माणसाला काय सांगणार? त्यानं काठीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि मी चालायला लागलो. रस्ता खोदलेला, जागोजाग चिखल. मी खड्डे चुकवत, काठी ओढत, दर पावलाला मागं बघत चाललो होतो. तो मात्र बाजारातून फेरफटका मारावा तसा चालला होता.

"जोरात ओढतोस रे," तो म्हणाला. "मनगट दुखेल तुझं."

"तुम्ही पडाल म्हणून धरलंय."

"काठी तुझ्या हातात दिली ना? मग पडायची काळजी तुझी. ती मी पण केली तर दोघं जण एकच ओझं उचलल्यासारखं होईल." आणि स्वतःशीच हसला.

मला राग आला. म्हटलं, याचं काय जातं. केशवअण्णांचं घर आलं. मी त्याला दारापुढच्या कट्ट्यावर बसवलं, कडी वाजवली आणि निघालो. पण दार लगेच उघडलं. केशवअण्णाच होते. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू वसुलीवाला आला आहे.

"तम्मा, थांब," धाकट्या भावाला म्हणावं तसं ते म्हणाले. "आत ये."

"मी ह्यांना आणलंय. दासय्या आहेत, पताकेचं घर विचारत होते."

"सरी, सरी, बरं झालं. त्यांना वाढायला सांगतो. तू आत ये आधी."

आत मुरली जेवायला बसला होता. त्याची आई, तिला आम्ही अक्का म्हणायचो, पानात वाढत होती. केशवअण्णांनी मला पाटावर बसवलं, स्वतः उभेच राहिले, आणि काही न विचारता बोलायला लागले.

"सरणावर ठेवलं तेव्हा मला दिसलं. बांबूच्या खालच्या टोकाला लाकडी बूच, उडीच्या बांबूला असतं तसं. पताकेच्या बांबूला बूच कशाला असेल? मग हाताच्या जागेवरची टीप बघितली. तुझ्या अप्पांची, रंगोबाची टीप मी ओळखतो, माझे सगळे सदरे त्यानं शिवलेत. पोरासाठी त्यानं ती दुहेरी घातली होती. बोळात अंधार होता तम्मा, दोन्ही गवसण्या सारख्या. मी पहिला हाताला लागला तो उचलला. कळलं तेव्हा काय करणार? उतरवणार का त्याला?"

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

"कुठल्या तोंडानं? सगळी पेठ म्हणाली असती, पोराचा रस्ता मोकळा केला."

मी खाली बघितलं. पेठ काही म्हणाली नव्हती. म्हणणारा मी एकटाच होतो.

"आणि नवा बांबू का घेतला नाही?"

"जुना उभा असताना नवा कसा आणू? रंगोबाचा बांबू त्याच्याबरोबर गेला नाही, म्हणजे मान अजून त्याच्याकडंच आहे. मी नुसतं कापड सांभाळतोय." वर म्हणाले, "रोज म्हणतो उद्या तुझ्याकडं येईन. रोज तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतो आणि परत फिरतो. मुरलीला विचार."

मुरली पानातून मान वर न काढता म्हणाला, "रोज. आणि मला सांगतात भाजी आणायला गेलो होतो. भाजी कधीच आणत नाहीत."

अक्का हसली, मग केशवअण्णा हसले. मला हसू आलं नाही. पण मी पाटावरून उठलोही नाही. केशवअण्णा म्हणाले, "तो बांबू तू घे. मी देतो. मान रंगोबाचा असला तरी त्याच्या मागं तो हातात द्यायचा अधिकार तेवढा माझ्याकडं आहे. निवड होऊ दे, मग वर्षश्राद्धाला रंगोबाच्या नावानं अग्नीला देऊ. तुझ्या आईलाही बरं वाटेल."

मी म्हणालो, "देवाच्या बांबूनं उडी मारायची?"

"रंगोबानं देवाच्या बांबूकडं बघूनच तुला उडी मारायला दिली ना?"

"पण अण्णा, तो जमिनीवर आडवा पडता कामा नये. उडीत बांबू वर सोडून द्यावा लागतो. सोडला की पडणारच."

केशवअण्णांनी बराच वेळ विचार केला. कापडवाल्यानं वारावर हिशेब करावा तसा. मग म्हणाले, "मी आहे ना. मी झेलीन."

मुरलीनं तेव्हा मान वर केली.

अक्का दासय्यासाठी पान वाढून बाहेर घेऊन गेली आणि तसंच परत घेऊन आली. कट्ट्यावर कोणी नव्हतं. मुरली कोपऱ्यापर्यंत बघून आला, मी दुसऱ्या बाजूला गेलो. रस्ता सरळ, दुकानं मिटलेली. आंधळा माणूस तेवढ्या वेळात कुठवर जाणार? शेजारच्या कोणाच्या ओसरीवर गेला असेल. कोणी पुढं नेऊन सोडला असेल. नंतर मी देवळात, बाजारात विचारलं, तसा आंधळा दासय्या कोणी बघितला नव्हता. मी जास्त खोलात गेलो नाही. त्यानं पताकेचं घर विचारलं आणि मी त्याला तिथं पोचवलं, एवढं खरं. की त्यानं मला पोचवलं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

त्या वेळी जयनगर, आताची मोठी वस्ती, नुसतं आखलेलं होतं. रस्त्याच्या खुणा, वाळूचे ढीग, मधेच एखादं अर्धं घर. आमचे मास्तर तिथं सराव घ्यायचे, कारण पडायला वाळू फुकट. पहिल्या दिवशी केशवअण्णा धोतराचा काचा मारून, टोपी मुरलीच्या पोलवर अडकवून उभे राहिले तेव्हा सगळं मैदान हसलं. "शेट, माप घ्यायला आलात का?" कोणी म्हणालं. मास्तरांनी सांगून ठेवलं होतं की बांबू आडव्या काठीपासून दूर पडत असेल तरच धरायचा, काठीकडं पडत असेल तर हात लावायचा नाही, नाहीतर उडी बाद.

पहिल्या दिवशी मी सोडलाच नाही. वर गेलो, काठीच्या बरोबरीला आलो, आणि हात उघडेनात. बांबूला मिठी मारून वाळूत आदळलो. बांबू माझ्या अंगावर होता, जमिनीला लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच. मास्तर ओरडले, "अरे सोड, झाड आहे का ते चढायला?" मला भीती पडायची नव्हती, केशवअण्णांची होती. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. चुकला तर? अप्पांचा बांबू, देवाचा बांबू, चिखलात आडवा. आणि त्याहून खोलवरची गोष्ट अशी की ज्याचा इतका हेवा केला त्याच्या भरवशावर काही सोडायला माझा हात तयार नव्हता.

हळूहळू सुटायला लागला. पण मी अर्धवट सोडायचो, एक डोळा खाली ठेवून. खाली बघितलं की छाती काठीला लागायची. केशवअण्णांनी एकदाही चुकवला नाही. तळहात सोलवटले, एकदा खांद्यावर घेतला तर खांदा काळानिळा झाला. तरी माझा हेवा गेला होता असं कोणी समजू नये. झेलतात माझा, पण मुरली धावला की डोळे तिकडं, हे मी रोज मोजून बघायचो.

निवडीच्या दिवशी कंटोन्मेंटच्या मैदानावर बरीच गर्दी होती. आई पहिल्यांदाच आली होती, लांब झाडाखाली बसली होती. बाकीचे एकेक करून गळाले. साडेअकरा फुटांना मुरली आणि मी दोघंच उरलो. आता गंमत अशी की माझा बांबू जमिनीवर ठेवायचा नव्हता, आणि मैदानात टेकवायला भिंत नव्हती. म्हणून माझ्या दोन उड्यांच्या मधे केशवअण्णा तो दोन्ही हातांनी उभा धरून उन्हात थांबले होते. मुरलीनं पहिली उडी चुकवली. घामानं निथळत आला आणि सवयीनं हात पुढं करून म्हणाला, "अण्णा, टॉवेल."

टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता. हात मोकळा नव्हता. ते म्हणाले, "ये, ओढून घे." मुरलीनं बघितलं. बापाचे दोन्ही हात माझ्या बांबूवर. त्यानं टॉवेल घेतला नाही. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि दूर जाऊन बसला. तो चेहरा मी ओळखला. वैशाखापासून आरशात तोच बघत होतो. मला वाटलं होतं, मुरलीवर ही पाळी आली की मला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. नुसतं कळलं की ही आग एकट्याची नसते, आज इथं, उद्या तिथं. अप्पा जिवंत असतानाही ती असती, दुसऱ्या कुठल्या कारणानं असती.

मुरलीच्या तिन्ही उड्या हुकल्या. माझ्या दोन हुकल्या होत्या, दोन्ही वेळा खाली बघण्यापायी. शेवटच्या उडीला केशवअण्णांनी बांबू माझ्या हातात दिला. त्यांचे हात ओले होते, सोललेल्या जागी रक्त आलं होतं. मला त्या आंधळ्याचं चालणं आठवलं, चिखलातून बिनघोर येणारं. मी मनात म्हणालो, विठोबा, इतके महिने मी बोललो नाही, आताही काही मागत नाही. हा बांबू तुझा, झेलणारा तुझा, पडला तर लाजही तुझीच. मी बघणार नाही.

धावलो, बांबू खोबणीत टेकला, वर गेलो आणि हात उघडले. खाली बघितलं नाही. बेंगळुरूचं पांढरट आभाळ तेवढं दिसलं. वाळूत पडलो, वर बघितलं तर काठी जागच्या जागी. आणि तेव्हा लक्षात आलं की बांबू पडल्याचा आवाज आलाच नाही. केशवअण्णा गुडघ्यावर बसले होते, बांबू त्यांच्या दोन्ही हातांवर, जमिनीपासून वीतभर वर. लांबून आई पळत येत होती. तिनं आधी बांबूला हात जोडले आणि मग मला जवळ घेतलं.

पुढं राज्याकडून मी गेलो, तिथं फार दिवे लावले नाहीत. वर्षश्राद्धाला बांबू अग्नीला दिला आणि त्यानंतरच्या एकादशीला केशवअण्णांनी नव्या बांबूवर पताका चढवली. मी म्हातारा झालो, मशीनवर बसून पाठ वाकली. लोक विचारतात, देवावर सोडायचं म्हणजे काय करायचं? मला शास्त्र येत नाही. मला एवढंच माहीत आहे की मी महिनोन् महिने घट्ट धरून होतो आणि मला वाटत होतं की मी अप्पांना धरलंय. मी हेव्याला धरलं होतं. हात रिकामे झाले तेव्हा खाली कोणीतरी गुडघे टेकून बसलेलं होतं. ते माणूस होतं, मला ते पुरलं. ज्यानं त्याला तिथं बसवलं त्याचे उपकार मी रोज मानतो.

निवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडता उजाडता मुरलीच्या घरी गेलो. अक्का म्हणाली तो उठलाय पण मैदानावर जाणार नाही म्हणतो, रुसलाय. केशवअण्णा ओसरीवर हाताला हळद लावून बसले होते. त्यांनी खुणेनं सांगितलं, बोलू नको त्याच्याशी, चिडलाय. मी कट्ट्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं मुरली बाहेर आला.

"काय पाहिजे? आणखी माझ्या घरातलं?"

"चल मैदानावर. पुढच्या वर्षी परत निवड आहे."

"आणि झेलणार कोण? ह्यांचे हात बघ."

"मी झेलतो. तुझा."

"माझा अल्युमिनियमचा आहे. पडला तर काही बिघडत नाही."

"पडला की खणखणतो. मला आवाज सहन होत नाही."

मुरली मग आत गेला, पोल घेऊन आला, आणि एक टोक माझ्याकडं केलं. आम्ही तो खांद्यावर घेऊन जयनगरच्या बाजूला निघालो, तो पुढं, मी मागं. त्या सकाळी त्यानं जितक्या उड्या मारल्या तितक्या वेळा मी पोल झेलायला उभा राहिलो. दोनदा हातातून निसटला. दोन्ही वेळा त्यानं शिवी दिली, आणि मी ती ऐकून घेतली.